नऊ मिलिमीटर

बस पुरती थांबायच्या आधीच गारगोटीने खिडकीच्या काचेवर टकटक केलं, आणि मैत्रिणीचा पाय पायरीवर पडतो न पडतो तोच विचारलं,

"टेप आणलीस?"

"मला उतरू तर दे. सहा तास बसून पायांना मुंग्या आल्यात."

"पण आणलीस ना?"

"आणली गं बाई, आणली."

तेव्हा कुठे गारगोटीने तिला मिठी मारली. मिठी जरा जास्तच वेळ टिकली. स्वेटरखालच्या बरगड्या हाताला लागल्या, तशी मैत्रिणीने, रेघेने, तिला मागे सरकवून नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. नखांत माती होती.

वीस वर्षांपूर्वी दोघी एका खोलीत राहून शिकल्या होत्या. एक खिडकीत दगड जमवायची, म्हणून गारगोटी. दुसरी वहीच्या प्रत्येक पानाला पट्टी लावून समास आखायची आणि चालायचीही तशीच ताठ, म्हणून रेघ. पुढे गारगोटी या डोंगरातल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला आली आणि इथलीच होऊन गेली. रेघेने जमीनमोजणीचा परवाना काढला. हद्दीवरून भांडणारे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नसत, पण मोजायला रेघेलाच बोलवा यावर त्यांचं एकमत असे. तिचा आकडा कुणासाठी सूतभरही सरकत नाही, अशी तिची ख्याती होती.

बुधवारी गारगोटीचा फोन आला होता. "शनिवार-रविवार ये. गप्पा मारू. आणि येताना तुझी स्टीलची टेप घेऊन ये." रेघेला वाटलं, कपाटबिपाट करून घ्यायचं असेल. नवऱ्याला ती म्हणाली होती, "दोन दिवस लेक तुमच्या ताब्यात. मी डोंगरात चाललेय, नुसती लोळायला."

गाव एकाच वळणावळणाच्या रस्त्याला लटकलेलं होतं. बाकी सगळं पायऱ्यांवर. फोटोकॉपीची दुकानं, जुन्या पुस्तकांची दुकानं, बेकऱ्या, आणि कमरेला जाकिटं बांधून हिंडणारी मुलंमुली. बारा दिवस कोसळून पाऊस आदल्या दिवशी थांबला होता, आणि साऱ्या गावाने गाद्या, चादरी, बूट, वह्या, जे जे ओलं झालं होतं ते उन्हात काढलं होतं.

"काय छान गाव आहे गं तुझं!"

"हं," गारगोटी म्हणाली. ती गावाकडे पाहतच नव्हती. तिची नजर छपरांच्या वर, डोंगरावर होती.

घरी न जाता तिने रेघेला सरळ मुलींच्या वसतिगृहामागे नेलं. तीन मजली इमारत, तिच्या पाठीशी कपडे वाळत घालायचं अंगण, अंगणाला दगडी भिंत, आणि भिंतीला लागूनच डोंगर. बारक्या झाडांचे बुंधे धरत दोघी वर चढल्या. इमारतीचं छप्पर पायाखाली आलं तेव्हा गारगोटी थांबली.

"आता पाय जपून टाक. गवतात बघ."

गवतातून एक भेग गेली होती. हात आत जाईल एवढी रुंद. दोन्हीकडे ती पन्नासेक पावलं जाऊन खाली वळली होती, वसतिगृहाला कवेत घ्यायला निघाल्यासारखी. वरच्या कडेपेक्षा खालची कड चार बोटं खचलेली होती. म्हणजे खालचं सगळंच, माती, झाडं, खडक, डोंगरापासून सुटं होऊ पाहत होतं.

रेघेने एक खडा उचलून आत टाकला आणि कान दिला. पडल्याचा आवाज आला नाही.

"किती खोल आहे?"

"तेच तर माहीत नाही."

भेगेच्या दोन्ही काठांना एकेक लोखंडी सळई ठोकलेली होती. सळयांच्या माथ्यावर करवतीने बारीक खाचा पाडल्या होत्या. बारा दिवसांपूर्वी ठोकल्या तेव्हा खाचेपासून खाचेपर्यंत सहाशे चाळीस मिलिमीटर भरले होते. पाऊस चालू होता तोवर अंतर रोज मिलिमीटरभर वाढत गेलं.

"आता ऊन पडलंय. आता थांबायला हवी," गारगोटी म्हणाली.

"आणि नाही थांबली तर?"

गारगोटीने खाली पाहिलं. अंगणात मुली दोरीवर चादरी टाकत होत्या. एकीने मान वर करून हाक मारली, "मॅडम, भेग काय म्हणतेय?" बाकीच्या खिदळल्या. गारगोटीनेही हसून हात हलवला. मग टेपसाठी रेघेपुढे हात केला.

दोघींनी आळीपाळीने मोजलं. एकीने मोजताना दुसरीने पाठ फिरवायची, असं गारगोटीने बजावलं. दोघींचाही आकडा सहाशे बावन्न आला.

गारगोटीची खोली एका बेकरीच्या वर होती. जमिनीतून पावाचा ऊबदार वास येत होता. चहा ओतता ओतता तिने मागचं सगळं सांगितलं. गेल्या वर्षी अशाच पावसात तिने वसतिगृह रिकामं करायला लावलं होतं. ऐन परीक्षेत. पळापळीत एक मुलगी जिन्यावरून पडली, पायाची दोन हाडं मोडली, वर्ष बुडालं. डोंगर जागचा हलला नाही. आईबाप भांडायला आले. स्टाफरूममध्ये अजूनही कुणी कप हिंदकळवला की म्हणत, "सरकला बघा डोंगर."

"यंदा प्राचार्य स्वच्छ म्हणाले, तुमच्या एकटीच्या मोजणीवर मी एक गादीसुद्धा हलवणार नाही. बाहेरचं, परवानावालं माणूस आणा. दोघांनी स्वतंत्र मोजा, आपसात बोलू नका, आकडे माझ्यासमोर सांगा. एका दिवसात पाचाच्या वर गेलं तर रिकामं करू. पाच आणि त्याच्या खाली असेल तर मला काही ऐकवू नका."

"मग फोनवर सांगायचंस की."

"सांगितलं असतं तर तू घाबरून आली असतीस. मला न घाबरलेलं माणूस हवं होतं." गारगोटीने कप दोन्ही हातांनी धरला. "माझा माझ्यावरचा विश्वास उडालाय, रेघे. टेप वाचताना मला कळत नाही की मी आकडा वाचतेय की माझी भीती वाचतेय."

"आकडा आकडा असतो," रेघ म्हणाली. "उद्या मी वाचेन. जो असेल तो सांगेन. काळजी सोड."

ती हे अगदी मनापासून म्हणाली.

रविवारी सकाळी आठ वाजता गारगोटी एकटी वर जाऊन आली. एक शब्द बोलली नाही, नुसती मान हलवून रेघेला जायची खूण केली.

ऊन चांगलंच वर आलं होतं. रेघ चढून भेगेपाशी गेली, गुडघे टेकले, टेपचं टोक एका खाचेत अडकवलं, ताण दिला आणि वाचलं. सहाशे पंचावन्न. सोडून पुन्हा लावलं. सहाशे पंचावन्न. तिसऱ्यांदाही तेच.

तीन मिलिमीटर. हाताचा ताण कमी-जास्त झाला तरी दोनाचा फरक सहज पडतो. तीन म्हणजे फार काही नाही. तिने टेप गुंडाळायला घेतली, तेवढ्यात कुठूनतरी आवाज आला. टक्.

ती थांबली. पक्षी असेल. पुन्हा आला. टक्. अगदी जवळून, तिच्या गुडघ्यांच्या खालून. ती ओणवी होऊन भेगेत डोकावली. या काठापासून त्या काठापर्यंत झाडांची मुळं गेली होती. काल ती सैल लोंबत होती, तिला आठवत होतं. आज ती सतारीच्या तारांसारखी ताणली होती. तिच्या डोळ्यांदेखत करंगळीएवढं एक मूळ तुटलं, टक् झालं, आणि दोन्ही टोकं झटका बसावा तशी मागे गेली.

रेघ उठली. आयुष्यभर तिने माणसांच्या रडण्याओरडण्यात उभं राहून शांतपणे आकडे लिहिले होते. मुळं तुटल्याचा आवाज कुठल्या रकान्यात लिहायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. खाली उतरताना तिला चढताना लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला, कारण प्रत्येक झाडाचा बुंधा धरण्याआधी तो धरावा की नाही असा तिला प्रश्न पडत होता.

प्राचार्य रविवार असूनही कोट घालून कचेरीत बसले होते. शेजारी वसतिगृहाच्या रेक्टरबाई, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

"बोला मॅडम," प्राचार्य गारगोटीला म्हणाले.

गारगोटी टेबलाच्या कडेकडे पाहत होती. "नऊ."

"नऊ काय?"

"नऊ मिलिमीटर. काल संध्याकाळपासून."

रेक्टरबाईंच्या किल्ल्या वाजल्या. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते रेघेकडे वळले.

"तुम्ही स्वतंत्र मोजलंत?"

"हो."

"तुमचा आकडा?"

रेघेने गारगोटीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित तिला वेगळं काही बोलता आलं असतं. तीन, हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. तो बाहेर पडला की काय होईल हेही तिला दिसत होतं. प्राचार्य सुटकेचा श्वास सोडतील, चहा मागवतील, उद्या बघू म्हणतील. आणि मुली अंगणात चादरी वाळत घालतील.

"नऊ," ती म्हणाली.

"नक्की?"

"तीनदा वाचलं, सर."

तेवढं मात्र खरं होतं.

एकशे बत्तीस मुली बाहेर काढायच्या म्हणजे खायचं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपर होता. काहीजणी केस धुऊन बसल्या होत्या, काहीजणी अजून झोपलेल्या. "परत?" जो तो जिना याच एका शब्दाने भरून गेला. रेक्टरबाई प्रत्येक मजल्यावर जाऊन दारं वाजवत होत्या. "सावकाश! कुणी पळायचं नाही! मागच्या वेळचं आठवतंय ना? गादी, पुस्तकं, पाण्याची बाटली, बास. आरसा कशाला गं? आरसा ठेव तो!"

मैदानापलीकडच्या जिमखान्याच्या हॉलमध्ये गाद्या पसरल्या गेल्या. दुपारी बारापर्यंत इमारत रिकामी झाली. एक वाजला. दोन वाजले. मुली मैदानात उन्हाला बसून अभ्यास करू लागल्या. कुणीतरी प्राध्यापक चक्कर टाकून गेले आणि डोंगराकडे बघून म्हणाले, "काय, मुहूर्त कितीचा आहे?"

रेघ मैदानाच्या कठड्यावर बसली होती. सकाळची भीती गेली नव्हती, पण तिच्या जागी दुसरीच एक येऊन बसली होती. काहीच झालं नाही तर? उद्या दुसऱ्या कुणाला मोजायला लावलं आणि सहाशे पंचावन्न निघाले तर? तिचा परवाना जाईल. तो गेला तर गेला. पण इतकी वर्षं ज्या ज्या भावांनी, विधवांनी, चुलत्यांनी तिच्या आकड्यावर मान डोलावली, त्यांना काय वाटेल? गारगोटीने तिला न घाबरलेलं माणूस म्हणून बोलावलं होतं.

चार वाजताची बस होती. तिने घड्याळ पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की तो पडावा असं तिला वाटतंय. लवकर, आत्ताच, तिची बस सुटायच्या आत. ती कठड्यावरून उठली. असल्या विचारासोबत एका जागी बसणं तिला शक्य नव्हतं.

उठली म्हणूनच तिला ती मुलगी दिसली. लाल स्वेटर, जाड भिंगांचा चष्मा. मैदानाच्या कडेकडेने जाऊन ती वसतिगृहाच्या कोपऱ्यावरून मागे वळली.

"ए!" रेघ ओरडली. "ए पोरी!"

पोरगी दिसेनाशी झाली. रेघ धावली. चाळिशी उलटलेली, गुडघे दुखणारी रेघ कित्येक वर्षांत धावली नव्हती. कोपरा वळून अंगणात आली तर मुलगी दोरीवरचे कपडे ओढून काढत होती, चिमटे तोंडात धरून.

"चल आधी बाहेर!"

"एवढे दोनच राहिलेत, ताई. बहिणीचा ड्रेस आहे, तिला सांगितलेलं नाहीये की मी..."

रेघेला पुढचं ऐकू आलं नाही. अंगणाच्या भिंतीतून, दगडांच्या सांध्यांतून, पाणी येत होतं. सकाळी तिथे नुसती ओल होती. आता प्रत्येक फटीतून चहासारखं गढूळ पाणी सुतळीएवढ्या धारेने उडत होतं, आणि भिंत मधोमध फुगली होती. त्या फुगवट्यातला एक दगड हळूच निसटला आणि फरशीवर येऊन पडला. पुढची धार हाताएवढी झाली.

रेघेने मुलीचा दंड धरला आणि ओढलं. ड्रेस दोरीला अडकला, दोरी ताणली, मुलगी किंचाळली. "सोड! सोड म्हणते ना!" रेघ तिच्या कानाशी ओरडली. आपल्या लेकीवर ती कधी इतकी ओरडली नव्हती. मुलीने मूठ सोडली. दोघी कोपऱ्यापर्यंत पोचल्या, कोपरा ओलांडला, मैदानाच्या पायऱ्या चढल्या.

मग तो आवाज झाला. एखाद्याने शेजारच्या गल्लीत ट्रकभर खडी ओतावी आणि ओततच राहावं, तसा. मैदानातल्या मुली उभ्या राहिल्या. वसतिगृहामागची झाडं आडवी झाली नाहीत, ती उभीच्या उभी खाली येऊ लागली, अगदी सावकाश, रांगेने चालत यावीत तशी. छपराच्या कडेमागे त्यांचे बुंधे गेले, मग शेंडे गेले, आणि मग इमारतीच्या मागच्या सगळ्या खिडक्या एकदम फुटल्या. तळमजल्याच्या पुढच्या दारातून चिखल बाहेर आला. त्यात कॉट होत्या, बादल्या होत्या, एक आरसा होता.

पुरतं मिनिटही लागलं नसेल. नंतर नुसती धूळ आणि ओल्या मातीचा वास.

"हजेरी!" रेक्टरबाईंचा आवाज चिरकला. "सगळ्यांनी खाली बसा! हजेरी घेतेय!"

एकशे एकतीस भरल्या. पुन्हा मोजलं. एकशे एकतीस. गारगोटी मैदानाच्या मधोमध उभी होती आणि तिच्या ओठांवर नुसते आकडे चालले होते. तिसऱ्यांदा मोजताना एका मुलीने हात वर केला. "बाई, माझी पार्टनर कालपासून आत्याकडे आहे. वहीत सही केलीय तिने." रेक्टरबाईंनी वही उघडली, सही शोधली, आणि तिथेच गवतात बसून ढसाढसा रडायला लागल्या. लाल स्वेटरवाली मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली. चिमटा अजून तिच्या हातात होता.

त्या संध्याकाळी सगळं गाव जिमखान्यावर आलं. लोक पाव, अंडी, दूध, घोंगड्या घेऊन आले. दुपारी मुहूर्त विचारणारे प्राध्यापक गारगोटीपाशी आले आणि तिच्या शेजारी एक घोंगडी ठेवून गेले. प्राचार्य भेटेल त्याला सांगत होते, "नऊ मिलिमीटर! दोघींनी स्वतंत्र मोजलेले. शास्त्र म्हणतात ते हे." कुणीतरी रेघेचे हात हातात घेऊन डोळ्यांना लावले. तिने ते हळूच सोडवून घेतले.

घरी फोन करून ती नवऱ्याला म्हणाली, "आज नाही निघत. उद्या बघते."

"बरी आहेस ना गं? आवाज असा का येतोय?"

"बरी आहे. लेकीला दे जरा." लेक फोनवर आली. "स्वेटर घाल," रेघ म्हणाली. लेक म्हणाली, इथे कुठे थंडी आहे?

हॉलच्या मागच्या पायरीवर गारगोटी एकटी बसली होती. रेघ शेजारी टेकली. आतून मुलींचा कलकलाट ऐकू येत होता. पेपर पुढे ढकलल्याची बातमी नुकतीच आली होती.

रेघ म्हणाली, "मी तीन वाचले होते."

गारगोटी नखांतली माती कोरत राहिली.

"तू नऊ म्हणालीस आणि मी तुझ्यामागून म्हटलं. मुळं तुटत होती गं. आवाज येत होता. मला पुढचं काही सुचलंच नाही. तुझे नऊ होते, माझे तीन कसे आले, याचाही मी विचार केला नाही."

"माझे नऊ नव्हते," गारगोटी म्हणाली.

आत कुणीतरी मोठ्याने हसलं.

"चार होते. चारदा वाचले. कचेरीच्या पायरीपर्यंत मी चारच सांगणार होते." तिने गुडघ्यांना मिठी घातली. "मला वाटलं, तुझे खरे असतील ते तू सांगशील. मग माझं खोटं तिथल्या तिथे पडेल आणि मी सुटेन. तुझ्यावर सोडून दिलं होतं मी सगळं."

मुलगी, भिंत, झाडं, हे सगळं होऊन गेलेलं होतं. पण आता रेघेला दुसरी एक सकाळ दिसत होती. दोन नेकीच्या बायका कचेरीत उभ्या आहेत, एक चार म्हणतेय, एक तीन म्हणतेय, दोघीही अगदी खरं बोलताहेत. दुपारी दोनच्या सुमाराला एकशे एकतीस मुली आपापल्या कॉटवर अभ्यास करताहेत.

"सांगायचं का कुणाला?" तिने विचारलं.

"काय सांगणार?"

गारगोटीने हात पुढे केला, रेघेने तो धरला. दोन्ही हात सारखेच गार होते.

सोमवारी सकाळी सातलाच प्राचार्य बेकरीखाली येऊन उभे राहिले. कोट कालचाच होता, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मैदानाच्या पलीकडच्या अंगाला मुलांचं वसतिगृह होतं आणि त्याच्याही डोक्यावर डोंगर होता. तिथेही एक बारीक भेग होती, गारगोटीने तिथेही सळया ठोकल्या होत्या. महिनाभरात तिथे काहीच हललं नव्हतं, म्हणून तिने मैत्रिणीला त्याबद्दल सांगितलंही नव्हतं.

"चला मॅडम. मी वरपर्यंत येतो," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही म्हणाल तो आकडा. पाचबिच मी आता काही धरून बसलो नाही."

तिघं वर चढले. भेग बोट जाईल एवढीच होती. गारगोटीने मागचा आकडा सांगितला, टेपचं टोक खाचेत धरलं आणि डोळे मिटून घेतले. रेघेने गुडघे टेकले, ताण दिला, वाचलं. पुन्हा लावलं, वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. मग टेप तशीच धरून ती कान देऊन ऐकत राहिली. आवाज येत होता, की तो कालचाच कानात राहिला होता, तिला सांगता येईना. खाली वसतिगृहाच्या पायऱ्यांवर मुलं दात घासत उभी होती आणि वर पाहत होती. आज कुणी हसत नव्हतं.

"किती?" प्राचार्यांनी खिशातून डायरी काढली.

"दोन," रेघ म्हणाली. "मोजण्यातल्या चुकीत बसतील एवढे."

"बरं. दोन."

"काल तीन होते, सर."

"काल नऊ होते."

"माझे तीन होते. नऊ मी सांगितले."

"माझे चार," गारगोटी डोळे न उघडता म्हणाली.

प्राचार्यांचं पेन कागदावरच थांबलं. ते एकीकडून दुसरीकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू त्यातला रंग उतरत गेला. त्यांनी मान वळवून मैदानापलीकडे पाहिलं. तिथे मातीच्या ढिगातून एका इमारतीचे वरचे दोन मजले वर निघाले होते.

"का?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटली."

"आणि आज?"

रेघेने टेप पुन्हा एकदा ताणून धरली आणि पाहिली. तिला खरंच आणखी काही दिसलं असतं तर बरं वाटलं असतं.

"आज दोन आहेत, सर," ती म्हणाली. "आणि मला भीती वाटतेय."

प्राचार्य तिथेच एका दगडावर बसले, डायरी गुडघ्यावर ठेवली, आणि दोन्ही लिहून घेतलं.